पीआरच्या वाटेवरचा एक्स-रे

परदेशात नोकरी करून झाली, गुण जमले, कागदपत्रे लागली. आता कायमच्या वास्तव्याच्या परवान्याआधी राहिली ती फक्त वैद्यकीय तपासणी. ही तपासणी नेमके काय शोधते, कोणता आजार खरोखर आडवा येतो आणि कोणता फक्त वेळ खातो, हे ठाऊक नसल्याने अनेक जण आजारापेक्षा त्याच्या भीतीनेच अधिक अडचणीत येतात.

उदाहरण म्हणून एक जोडपे डोळ्यांसमोर आणा. नवरा दोन वर्षांपासून टोरंटोजवळच्या मिसिसागामध्ये नोकरी करतो. बायको नाशिकला शाळेत शिकवते. कॅनडात कायमच्या वास्तव्याचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘पीआर’चा अर्ज दोघांनी मिळून करायचा ठरवला आहे. इंग्रजीची परीक्षा झाली, पदवीचे मूल्यांकन झाले, नोकरीची पत्रे गोळा झाली. आता ती तपासणीसाठी मुंबईला येते. डॉक्टरांसमोरच्या प्रश्नावलीत एक साधा प्रश्न आहे : तुम्हाला कधी क्षयरोग झाला होता का?

तिला तो झाला होता. कॉलेजात असताना. सहा महिने गोळ्या घेतल्या, पूर्ण बरी झाली. ही गोष्ट लग्नाच्या वेळी फारशी बोलली गेली नव्हती. सासरी ती आजही कुणाला माहीत नाही. पेन हातात धरून ती थबकते. ‘हो’ लिहिले तर दोघांचाही अर्ज बुडेल का? ‘नाही’ लिहिले तर कुणाला कळणार आहे?

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी ही तपासणी कशासाठी असते हे पाहायला हवे. कारण ती माणूस किती निरोगी आहे हे ठरवण्यासाठी नसतेच.

दोनच प्रश्न

येणाऱ्या माणसाची तब्येत दारातच पाहण्याची पद्धत जुनी आहे. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर १८९२ मध्ये स्थलांतरितांसाठी केंद्र सुरू झाले. बोटीतून उतरलेली माणसे जिना चढत असताना डॉक्टर त्यांच्याकडे पाहत आणि संशय आला की कोटावर खडूने अक्षर काढत. हृदयविकाराची शंका आली तर ‘एच’, लंगडेपणासाठी ‘एल’, डोळ्यांसाठी ‘ई’. पापण्या उलट्या करून खुपरीचा संसर्ग आहे का, हेही पाहिले जाई. एका माणसाला काही सेकंदच मिळत. डॉक्टरांच्या मनात तेव्हा दोन प्रश्न असत : हा आजार इथे पसरेल का? आणि हा माणूस स्वतःचे पोट भरेल की सरकारवर ओझे होईल?

सव्वाशे वर्षांनंतर खडूच्या जागी संगणक आला, पण प्रश्न फारसे बदललेले नाहीत. कॅनडाच्या स्थलांतर कायद्यात आरोग्याच्या कारणावरून अर्ज नाकारण्याचे तीनच आधार आहेत : सार्वजनिक आरोग्याला धोका, सार्वजनिक सुरक्षिततेला धोका आणि सरकारी आरोग्य व सामाजिक सेवांवर ‘अवाजवी भार’. सुरक्षिततेचा मुद्दा क्वचितच पुढे येतो. उरतात ते दोन : संसर्ग आणि खर्च. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांचेही नियम याच दोन खांबांवर उभे आहेत. ब्रिटनमध्ये मात्र भारतातून सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जाणाऱ्याची क्षयरोगाची तपासणी व्हिसा देतानाच होते. पुढे कायमच्या वास्तव्याच्या अर्जासाठी वेगळी वैद्यकीय तपासणी नसते.

एकदा हे लक्षात आले की निम्मी भीती कमी होते. रक्तदाबाची गोळी चालू आहे, थायरॉइड आहे, चष्म्याचा नंबर मोठा आहे, पित्ताशय काढले आहे, यातले काहीही पसरत नाही आणि यातल्या कशाचाही खर्च सरकारला जड जात नाही. अशा गोष्टी अहवालात नोंदवल्या जातात आणि अर्ज पुढे सरकतो.

तपासणीच्या खोलीत

तपासणी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे करता येत नाही. संबंधित सरकारने नेमलेल्या डॉक्टरांच्या यादीतूनच निवड करावी लागते. वजन, उंची, रक्तदाब, डोळे, कान, छाती, पोट असे सगळे नेहमीसारखे तपासले जाते. कॅनडासाठी पाच वर्षांपुढच्या सर्वांची लघवी, अकरा वर्षांपुढच्या सर्वांचा छातीचा एक्स-रे आणि पंधरा वर्षांपुढच्या सर्वांचे रक्त तपासले जाते. रक्तात एचआयव्ही आणि सिफिलिस यांचा शोध घेतला जातो आणि क्रिएटिनिन पाहून मूत्रपिंडे नीट काम करतात की नाही याचा अंदाज घेतला जातो.

निकाल ‘ई-मेडिकल’ नावाच्या संगणक प्रणालीतून थेट त्या देशाच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे जातात. तपासणारे डॉक्टर ‘पास’ किंवा ‘नापास’ करत नाहीत. ते फक्त जे दिसले ते कळवतात. म्हणून तपासणी संपल्यावर “डॉक्टर, सगळे ठीक आहे ना?” असे विचारून हवे ते उत्तर मिळत नाही, आणि त्यांच्या गप्प राहण्याचा काही वेगळा अर्थही काढायचा नसतो.

कॅनडाच्या ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ पद्धतीत २१ ऑगस्ट २०२५ पासून एक बदल झाला आहे. पूर्वी अर्ज भरल्यावर सूचना आली की तपासणी करायची असे. आता ती अर्जाआधीच करून त्याचा पुरावा अर्जासोबत जोडावा लागतो. अर्जाचे आमंत्रण आल्यावर पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. तपासणीचा निकाल साधारण १२ महिने ग्राह्य धरला जातो. त्यामुळे ती फार लवकर केली तर मुदत संपण्याची धास्ती आणि शेवटच्या आठवड्यावर ढकलली तर डॉक्टरांची वेळ न मिळण्याची.

छातीवरचा डाग

नाशिकच्या त्या शिक्षिकेकडे परत येऊ. तिने ‘नाही’ लिहिले असते तरी तिच्या फुप्फुसाने ‘हो’ म्हटले असते. क्षयरोग बरा होतो, पण अनेकदा जाताना खूण ठेवून जातो. जिवाणूंशी झालेल्या लढाईत फुप्फुसाचा जो भाग जखमी होतो तिथे भरून आलेल्या जखमेसारखा चट्टा उरतो. तो बहुधा फुप्फुसाच्या वरच्या टोकाशी असतो आणि एक्स-रेवर पांढुरक्या रेघांसारखा किंवा डागासारखा दिसतो. अनुभवी क्ष-किरणतज्ज्ञाला तो ओळखू येतो. मात्र तो डाग थंड झालेल्या राखेचा आहे की आत अजून निखारा आहे, हे एका चित्रावरून सांगता येत नाही.

त्यासाठी बेडका तपासावा लागतो. सलग तीन दिवस सकाळी उठल्याबरोबर खोकून काढलेला बेडका प्रयोगशाळेत द्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात जिवाणू दिसतात का, हे लगेच कळते. पण थोडेसे जिवाणू त्या नजरेतून सुटू शकतात. म्हणून नमुना पोषक द्रवात किंवा माध्यमावर ठेवून त्यात काही वाढते का ते पाहतात. यालाच कल्चर म्हणतात, आणि अर्जदारांचा धीर सुटतो तो इथे. कारण कल्चरचा अंतिम निकाल यायला सहा ते आठ आठवडे लागतात.

ही दिरंगाई सरकारी कारभाराची नसून त्या जिवाणूच्या स्वभावाची आहे. आतड्यात राहणारा ई. कोलाय अनुकूल वातावरणात वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयाच्या जिवाणूला त्यासाठी जवळजवळ पंधरा ते वीस तास लागतात. त्याचे कवच जाड, मेणचट. वाढ अतिशय संथ. ज्या संथपणामुळे तो शरीरात वर्षानुवर्षे दबा धरून बसू शकतो, त्याच संथपणामुळे प्रयोगशाळेतही तो कुणाच्या घाईला जुमानत नाही. सहा आठवडे काहीच वाढले नाही, तेव्हा कुठे ‘काही नाही’ असे खात्रीने म्हणता येते.

कल्चरमध्ये काही सापडले नाही तर पुढचा रस्ता मोकळा होतो. जुन्या, निष्क्रिय क्षयाच्या खुणा असलेल्या माणसाला कॅनडा परत पाठवत नाही. त्याला फक्त एक अट घातली जाते : देशात पोचल्यावर तीस दिवसांच्या आत स्थानिक सार्वजनिक आरोग्य विभागाशी संपर्क साधायचा. तिथे पुन्हा छाती पाहिली जाते, गरज असल्यास औषध सुचवले जाते. कल्चरमध्ये जिवाणू सापडलेच, तर आधी उपचार. औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो. तो पूर्ण करून संसर्ग उरला नसल्याचे दाखवले की अर्ज पुन्हा चालू लागतो. म्हणजे वाईटातली वाईट गोष्ट घडली तरी क्षयरोग सहसा दार कायमचे बंद करत नाही, उशीर करतो.

आपल्याकडचा न दिसणारा संसर्ग

भारतीयांच्या एक्स-रेकडे जरा जास्त बारकाईने पाहिले जाते, हे खरे आहे. त्याला कारणही आहे. जगातल्या एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के भारतीयांच्या शरीरात क्षयाचा संसर्ग असल्याचे आढळले. हा आकडा दचकवणारा असला तरी संसर्ग असणे म्हणजे आजार असणे नव्हे. जिवाणू आत शिरतो, रोगप्रतिकारशक्ती त्याला कोंडून ठेवते आणि बहुतेक माणसे आयुष्यभर ठणठणीत राहतात. असा सुप्त संसर्ग असलेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांना पुढे कधीतरी आजार होतो. सुप्त संसर्ग दुसऱ्याला लागत नाही.

अमेरिकेत ग्रीन कार्डासाठी अर्ज करणाऱ्यांना हा फरक फार जवळून कळतो. तिथे दोन वर्षांपुढच्या प्रत्येकाची ‘इग्रा’ नावाची रक्ततपासणी होते. पूर्वी हातावर सुई टोचून फुगवटा मोजत. त्या चाचणीचा भारतीयांना विशेष त्रास, कारण जन्मतःच दिलेल्या बीसीजी लसीमुळेही तो फुगवटा येऊ शकतो. डाव्या दंडावरचा तो ओळखीचा व्रण चाचणीची दिशाभूल करत असे. इग्रामध्ये बीसीजीच्या जिवाणूत नसलेली प्रथिने वापरली जातात, त्यामुळे लसीचा गोंधळ टळतो. त्यामुळे इग्रा सकारात्मक आली तर “ती बीसीजीमुळे असेल” असे म्हणून सोडून देता येत नाही. क्षयाचा संसर्ग कधीतरी झाला असण्याची शक्यता मानावी लागते. मग एक्स-रे काढतात. तो स्वच्छ असेल आणि लक्षणे नसतील तर निदान सुप्त संसर्गाचे. आरोग्य विभागाला कळवले जाते, प्रतिबंधक उपचारांचा सल्ला मिळतो. ग्रीन कार्ड त्यामुळे अडत नाही.

तो सल्ला मनावर घ्यावा. पूर्वी हा उपचार नऊ महिने चाले. आता आठवड्यातून एकदा, बारा आठवडे घ्यायच्या दोन औषधांचा छोटा पर्याय आहे. मधुमेह असलेल्यांना, स्टेरॉइड किंवा संधिवाताची काही औषधे घेणाऱ्यांना सुप्त क्षय जागा होण्याचा धोका जास्त असतो. परदेशी कागदासाठी केलेल्या तपासणीतून मिळणारी ही माहिती पीआर मिळो न मिळो, स्वतःच्या शरीरासाठी कामाची आहे.

आजाराची किंमत

आता दुसरा खांब : खर्च. कॅनडात दवाखान्याचा बहुतांश खर्च सरकार उचलते. म्हणून नव्या रहिवाशाच्या आजारावर पुढची पाच वर्षे किती खर्च होईल याचा अंदाज बांधला जातो. खर्च त्यापुढेही मोठा राहणार असे दिसले तर हिशोब दहा वर्षांपर्यंत जातो. ठरलेल्या मर्यादेपेक्षा तो अधिक निघाला किंवा आधीच लांब असलेल्या प्रतीक्षायाद्यांवर ताण येऊन इतर रुग्णांचे नुकसान होईल असे वाटले, तर त्याला ‘अवाजवी भार’ म्हणतात. २०२५ साठी ही मर्यादा वर्षाला २७,१६२ कॅनेडियन डॉलर, म्हणजे पाच वर्षांना १,३५,८१० डॉलर होती. कॅनडातल्या सरासरी माणसावर होणाऱ्या सरकारी खर्चाच्या ती तिप्पट आहे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून आपली मर्यादा ५१ हजारांवरून ८६ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरवर नेली. न्यूझीलंडने सप्टेंबर २०२२ मध्ये ती ४१ हजारांवरून ८१ हजार न्यूझीलंड डॉलर केली.

या आकड्यांपुढे नेहमीचे आजार ठेवून पाहावेत. मराठी घरांत सर्वांत जास्त धास्ती असते ती मधुमेहाची. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. चाळिशीला आलेल्या अर्जदाराला तो असणे यात नवल नाही. गोळ्यांवर किंवा इन्सुलिनवर आटोक्यात असलेल्या साखरेचा खर्च मर्यादेच्या आसपासही जात नाही. अडचण येते ती साखरेकडे दुर्लक्ष होऊन मूत्रपिंडे खराब होऊ लागली तर. लघवीतली प्रथिने आणि रक्तातले क्रिएटिनिन हेच सांगतात. डायलिसिसची वेळ आलेल्या किंवा येऊ घातलेल्या माणसाचा खर्च मर्यादा सहज ओलांडतो. म्हणजे प्रश्न मधुमेह असण्याचा नसून तो कसा सांभाळला याचा आहे.

एचआयव्हीबद्दलही असाच गैरसमज आहे. चाचणी सकारात्मक आली म्हणून कॅनडा आपोआप अर्ज नाकारत नाही; तिथेही औषधांच्या खर्चाचाच हिशोब होतो. न्यूझीलंडने ऑक्टोबर २०२१ मध्ये एचआयव्ही आपल्या अडवणाऱ्या आजारांच्या यादीतून काढून टाकला. अमेरिकेने तर जानेवारी २०१० पासून ही चाचणीच बंद केली. नैराश्यावरच्या गोळ्या घेणारे अनेक जण ते लपवतात. उपचारांनी माणूस व्यवस्थित काम करत असेल तर त्यात लपवण्यासारखे काही नाही.

डॉलरमध्ये मोजलेले मूल

खर्चाच्या या हिशोबाचा सर्वांत कठोर चेहरा दिसला तो मुलांच्या बाबतीत. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात हॉरशॅम नावाचे गाव आहे. शहरापासून दूर, डॉक्टरांची कायम टंचाई. तिथे एक जर्मन डॉक्टर तात्पुरत्या व्हिसावर येऊन रुग्ण तपासत होते. २००८ मध्ये त्यांनी कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला आणि तो नाकारला गेला, कारण त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलाला डाउन सिंड्रोम होता. तिथल्या नियमानुसार कुटुंबातला एक जण आरोग्याच्या अटीत बसला नाही की सगळ्यांचाच अर्ज पडतो. ज्या गावाची तब्येत हा माणूस सांभाळत होता, त्या गावाने आवाज उठवला. शेवटी मंत्र्यांनी स्वतःचा अधिकार वापरून त्या कुटुंबाला परवाना दिला.

कॅनडातही तेच घडले. टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठात शिकवणाऱ्या कोस्टारिकाच्या एका प्राध्यापकांचा अर्ज २०१६ मध्ये मुलाच्या डाउन सिंड्रोममुळे फेटाळला गेला आणि गदारोळ झाल्यावर त्याच वर्षी मानवतेच्या आधारावर मंजूर झाला. त्याआधी २००५ मध्येच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की निदानाचे नाव पाहून निर्णय करू नका. त्या विशिष्ट माणसाला, त्याच्या कुटुंबाच्या परिस्थितीत, खरोखर कोणत्या सेवा लागतील ते पाहा.

या वादातून एक आकडा बाहेर आला. या नियमामुळे दरवर्षी सुमारे एक हजार लोकांना अपात्र ठरवले जात होते आणि त्यातून वाचणारा पैसा प्रांतांच्या एकूण आरोग्यखर्चाच्या जेमतेम ०.१ टक्का होता. २०१७ च्या अखेरीस संसदेच्या समितीने हा नियम पूर्ण रद्द करण्याची शिफारस केली. सरकार तेवढे पुढे गेले नाही. मात्र २०१८ मध्ये मर्यादा तिप्पट केली आणि विशेष शिक्षण, पुनर्वसन, वैयक्तिक मदत यांसारख्या सेवा हिशोबातून वगळल्या. ऑस्ट्रेलियानेही २०२४ च्या बदलांत विशेष शिक्षणाचा खर्च मोजणे थांबवले. ज्यांच्या मुलाला शाळेत वेगळ्या मदतीची गरज आहे त्या पालकांसाठी हा फरक लहान नाही. दहा वर्षांपूर्वी नकार आलेल्या ओळखीच्या कुटुंबाची हकीकत ऐकून आज कुणी अर्जच केला नाही, तर ती चूक ठरू शकते.

नियम मात्र संपलेला नाही, आणि सवलत सगळ्या व्हिसांना सारखी नाही. ऑस्ट्रेलियात नोकरी देणाऱ्या कंपनीच्या नामांकनावर मिळणाऱ्या काही व्हिसांत खर्चाची अट शिथिल करण्याची तरतूद आहे. केवळ गुणांवर मिळणाऱ्या स्वतंत्र व्हिसात ती नाही. कॅनडात तिथल्या रहिवाशाने बोलावलेल्या जोडीदाराला आणि अवलंबून असलेल्या मुलांना ‘अवाजवी भारा’चा नियम लागूच होत नाही. म्हणून घरात कुणाला मोठा आजार असेल तर कोणत्या मार्गाने अर्ज करायचा, हा निर्णय आरोग्याचा विचार करूनच घ्यावा.

लपवण्याची किंमत

कॅनडा नकार देण्याआधी अर्जदाराला पत्र पाठवून बाजू मांडण्याची संधी देते. निदान चुकीचे आहे, औषध स्वस्त पर्यायाने मिळते, खासगी विमा बाहेरच्या औषधांचा खर्च उचलतो, अशी उत्तरे डॉक्टरांच्या कागदांसह देता येतात. “आम्ही आमच्या पैशांनी डायलिसिस करू” हे आश्वासन मात्र चालत नाही, कारण एकदा रहिवासी झाल्यावर सरकारी रुग्णालयाचे दार कुणालाच बंद नसते.

खोटे बोलणाऱ्याला अशी सवलत नसते. अर्जात महत्त्वाची माहिती लपवल्याचे सिद्ध झाले तर कॅनडा पाच वर्षे बंदी घालते. आजाराने काही महिने जातात, लपवण्याने पाच वर्षे. नाशिकच्या शिक्षिकेच्या प्रश्नाचे उत्तर या एका वाक्यात आहे.

तशीच एक चूक मुलांबाबत होते. नवरा-बायको पुढे जातात, लहान मूल काही काळ आजी-आजोबांकडे राहणार असते. ते सोबत येणार नाही म्हणून त्याची तपासणी टाळली जाते. कॅनडाचा नियम सांगतो की अवलंबून असलेल्या मुलाचे नाव अर्जात हवेच आणि सोबत येणार नसले तरी त्याची तपासणीही व्हायला हवी. ती झाली नाही तर पुढे त्याला कुटुंब म्हणून बोलावण्याचा मार्ग बंद होऊ शकतो.

तपासणीआधी

पूर्वी क्षयरोग झाला असेल तर उपचाराचे कार्ड, बरे झाल्याचा दाखला आणि जुने एक्स-रे शोधून ठेवावेत. पाच वर्षांपूर्वीच्या एक्स-रेवर तोच डाग तसाच असेल तर तो स्थिर असल्याचा तो मोठा पुरावा असतो. सरकारी केंद्रात उपचार झाले असतील तर तिथल्या क्षयरोग विभागाकडे नोंद मागता येते.

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड असेल तर अलीकडचे अहवाल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र सोबत न्यावे. तपासणीच्या भीतीने गोळी बंद करू नये. उलट दोन-तीन महिने आधीपासून साखर आणि रक्तदाब आटोक्यात आणावा.

पाळीच्या दिवसांत लघवीत रक्त दिसते, म्हणून तारीख त्याबाहेरची घ्यावी. आदल्या दिवशी जिममध्ये जड व्यायाम केल्याने लघवीत तात्पुरती प्रथिने येऊ शकतात. क्रिएटिनची पावडर घेणाऱ्यांचे रक्तातले क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसू शकते. ती घेत असल्याचे डॉक्टरांना सांगावे.

गर्भवतीने ते आधी सांगावे. छातीच्या एका एक्स-रेतला किरणोत्सार निसर्गातून आपल्याला सुमारे दहा दिवसांत मिळणाऱ्या किरणोत्साराइतकाच असतो, तरीही एक्स-रे बाळंतपणानंतर काढण्याची मुभा मिळते. मात्र तोवर अर्ज थांबून राहतो.

नाशिकच्या शिक्षिकेला अकरा वर्षांपूर्वीचे उपचाराचे कार्ड माहेरच्या कपाटात सापडले, असे धरून चालू. ती ‘हो’ लिहील, तीन सकाळी बेडका देईल, दोन महिने वाट पाहील आणि मग इतरांसारखीच रांगेत पुढे सरकेल. सर्वांत अवघड भाग कदाचित प्रयोगशाळेतला नसेलच. दोन महिने उशीर का होतोय, हे घरच्यांना सांगावे लागेल. जो आजार सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, तो आपल्याकडे अजूनही कपाटात ठेवला जातो. परदेशातल्या अधिकाऱ्याला जे सांगायला भीती नको, ते स्वतःच्या घरात सांगायलाही नसावी.